दोन बोटं सैल

अक्षय्य तृतीयेला पोथी रोह्याहून पेणला आली. सरूबाईंनी ती हातात घेतली न घेतली तोच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोथीचं कव्हर सैल होतं.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? पण हे कव्हर सरूबाईंनी स्वतः क्रोशाने विणलेलं होतं, पांढऱ्या सुती दोऱ्याचं. आणि सरूबाईंच्या हातचं कव्हर पुस्तकावर कसं बसतं ते ज्यांनी घेतलंय त्यांना विचारा. शेंगदाण्यावर साल बसावी तसं बसतं. माप घ्यायला त्या कधी टेप लावत नाहीत. साखळी विणत विणत पुस्तकाभोवती गुंडाळत जातात, टोकाला टोक भिडलं की थांबतात, त्यातले दोन टाके कमी करतात आणि मग पुढच्या ओळी चढवतात. दोन टाके कमी अशासाठी की सूत वापराने तेवढं सैलावतंच. खाडीकाठची हवा खारट नि दमट, उघड्या पुस्तकाची पानं दोन पावसाळ्यांत पापडासारखी वाकडी होतात, म्हणून कव्हर घट्टच हवं. आतून बोटभर खिसा, त्यात वेखंडाचा तुकडा, कसर लागू नये म्हणून. रोह्याच्या एका वाचनालयाने गेल्या वर्षी त्यांच्याकडून चाळीस कव्हरं करून घेतली होती. अशा बाईच्या घरच्या पोथीचं कव्हर सैल! थोडंथोडकं नाही, दोन बोटं आत जात होती.

"काय झालं, मोठीआई?" सुजयने विचारलं. सुजय म्हणजे धाकट्या दिराचा मुलगा. पोथी घेऊन तोच आला होता.

"काय नाय रे. बस, पन्हं देते," सरूबाई म्हणाल्या आणि पोथी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिली.

पोथी दोन घरांत वर्षावर्षाने फिरायची. सरूबाईंचे सासरे, केरूबाबा, मिठागरावर राबलेले. त्यांना दोन मुलगे. थोरला गुणाजी म्हणजे सरूबाईंचा नवरा. धाकटा प्रविण रोह्याला कंपनीत लागला आणि तिकडेच घर करून राहिला, तेव्हा केरूबाबांनी पाळी ठरवून दिली. एक वर्ष पोथी पेणजवळच्या या गावातल्या घरात, एक वर्ष रोह्याला. बदली अक्षय्य तृतीयेला. श्रावणाच्या पहिल्या दिवशी जिथे पोथी असेल तिथे दोन्ही घरांनी जमायचं, पोथी सोडायची, महिनाभर वाचायची आणि श्रावण सरला की बांधून ठेवायची. मधे उघडायची नाही. 'अवेळी पोथी उघडली तर घरात अबोला शिरतो,' असं केरूबाबा म्हणायचे. खरं की खोटं, कोणी करून पाहिलं नव्हतं.

सरूबाईंचा जीव अडकला होता तो पोथीतल्या कथांत नव्हे, तर शेवटच्या कोऱ्या पानात. गुणाजी ऐन चाळिशीत गेला. मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी केरूबाबांनी पोथी उघडून शेवटच्या पानावर आपल्या मोठ्या, थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'गुणाजीची बायको सरू हिने हयात असेतो या घरात राहावे. तिला कोणी ऊठ म्हणू नये.' खाली सही. पुढे केरूबाबाही गेले. पंचायतीत घराची नोंद झाली ती एकट्या प्रविणच्या नावाने. सरूबाई तेव्हा दुःखात होत्या, कागद कोणी केले, कसे केले, त्यांनी विचारलं नाही. घर आपलं म्हणायला त्यांच्यापाशी ते एक पान होतं, बाकी काही नाही. आणि महामार्ग रुंद झाल्यापासून वडखळच्या आसपासच्या असल्या घरांकडे टक लावून बघणारे भारी वाढले होते.

आता समजलं ना, दोन बोटांनी बाईची झोप का उडाली ते? पोथी तीच, पान मात्र असेल की नाही, कोण जाणे.

बरं, एवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पन्हं पिऊन झाल्यावर सुजयने मोबाइल काढला आणि घराचे चारी बाजूंनी फोटो घेतले. मग खिशातून पत्र्याचा टेप काढून ओटी मापली, पडवी मापली, मागची न्हाणीसुद्धा सोडली नाही.

"हे कशाला रे?"

"बाबांनी सांगितलंय."

"पण कशाला?"

"ते बाबाच सांगतील, मोठीआई. मला सेकंड शिफ्टला पोचायचंय."

संध्याकाळी प्रविणचा फोन. "वैनी, घरपट्टीची पावती हाय ना? सुजयकडं द्यायची राहिली. ठेवा जरा जपून, लागंल."

"कशाला लागंल, भावजी?"

"हाय काम," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. प्रविण पहिल्यापासून शब्दाला कंजूष. बोलायला जणू पदरचं मीठ द्यावं लागतं.

शेजारच्या धोंडुबाई कुंपणापलीकडून सगळं बघत होत्या. धोंडुबाई म्हणजे आगीत तेल ओतायला बाटली घेऊनच बसलेली बाई. त्या म्हणाल्या, "घराचं माप दोनदाच घेतात गो सरू. बांधताना नि इकताना."

त्यानंतर सरूबाईंचं विणण्यात चित्त लागेना. शाळेतल्या एका बाईंना शब्दकोशासाठी कव्हर हवं होतं, ते तीनदा उसवलं. राग आला की त्यांचा टाका घट्ट पडायचा, आणि हे कव्हर तर शब्दकोशाच्या गळ्यात फास बसावा तसं झालं होतं. शेवटी एका दुपारी त्यांनी आंघोळ केली, दाराला आतून कडी घातली, समई लावली आणि देवाला हात जोडून म्हणाल्या, "माफ कर बाबा. मला बघायलाच पायजे."

त्यांनी कव्हर काढलं आणि पोथी शेवटून उघडली.

पान होतं. जसंच्या तसं. सरूबाईंनी 'ऊठ म्हणू नये' या शब्दांवर बोट ठेवलं आणि त्यांना रडू आलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाणी बाई पोथी बांधून उठली असती. पण संशयाचं पोट कधी भरतं का? कव्हर हातात घेऊन त्या पुन्हा विचार करू लागल्या. पान आहे, मग कव्हर सैल कशाने? कोणीतरी ते पुन्हा पुन्हा काढलं, पुन्हा पुन्हा चढवलं. म्हणजे रोह्याला पोथी अवेळी उघडली गेली. पान वाचलं गेलं. यंदा फाडायचं धाडस झालं नसेल, पण पुढच्या वर्षी पोथी पुन्हा रोह्याला जाईल तेव्हा? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. सरूबाईंचं तर तोंड अजून पोळलंही नव्हतं, तरी फुंकर चालू होती.

ज्येष्ठात वाचनालयाची आणखी दहा कव्हरं तयार झाली. ती घेऊन सरूबाई पेणहून गाडीने रोह्याला गेल्या. वाचनालयातल्या मुलीला त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात तीच ताकीद दिली. "धुतलंत तर तारेवर टांगू नका हां. ओल्या सुताला स्वतःचं वजन सोसत नाय, लांबतं. आडवं पसरून वाळवा." मुलीने मान डोलावली. सरूबाई निघाल्या आणि न कळवता थेट दिराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

दार जावेने उघडलं. प्रणिता तशी हसतमुख बाई, पण सरूबाईंना बघून गडबडलीच.

"ताई! कळवलं नाय ते?"

"कळवायला काय, मी परकी हाय?"

आत टेबलावर एक कागद पसरलेला होता. सरूबाईंचे डोळे दोरा ओवून ओवून तयार झालेले, लांबूनसुद्धा सगळं टिपणारे. ओटी, पडवी, माजघर, न्हाणी. त्यांच्याच घराचा नकाशा, आकड्यांसकट. प्रणिताने पाणी आणता आणता त्याच्यावर वर्तमानपत्र सरकवलं. सहज केल्यासारखं केलं, पण केलं.

सरूबाई पाणी प्यायल्या आणि पेला खाली ठेवत म्हणाल्या, "पोथी वर्षभर नीट सांभाळलीस ना गो?"

प्रणिताचा हात मंगळसूत्राकडे गेला. "व्हय... म्हंजे... सांभाळली की. का, ताई?"

"काय नाय. आपलं इचारलं."

प्रणिता जेवायला थांबा म्हणाली, दोनदा म्हणाली. सरूबाई थांबल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांना कसलीच शंका उरली नव्हती. होता तो फक्त संताप, आणि त्याच्या तळाशी भीती. साठीला टेकलेली बाई, कोणी ऊठ म्हटलं तर उठून जाणार कुठे?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोथी पुन्हा उघडली. यावेळी समई लावायचं सुचलं नाही. दोरा कापायच्या इवल्या कात्रीने केरूबाबांचं पान शिवणीलगत कापून काढलं. दुधाची पिशवी धुऊन पुसून कोरडी केली, पान तिच्यात घातलं. आपल्या विणीच्या नमुन्यांच्या वहीला पाठीकडून दुहेरी कव्हर विणलं आणि दोन थरांच्या मधे ती पिशवी ठेवून चारी कडा विणूनच बंद केल्या. शिवण नाही, बटण नाही, उघडायला जागाच नाही. मग पेणच्या बाजारातून नवा दोरा आणला आणि पोथीला नवं कव्हर केलं. या वेळी चार टाके कमी घेतले.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी रोह्याची मंडळी आली. प्रविण, प्रणिता आणि रजा काढून सुजय. सरूबाईंनी नारळाच्या वड्या केल्या होत्या. पाटावर पोथी मांडलेली होती. प्रणिताची नजर तिच्यावर पडली आणि तिचा चेहरा उतरला.

"नवं कव्हर केलंत, ताई?"

"जुनं सैल झालेलं," सरूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या.

प्रणिता फुलांच्या पाकळ्या वेगळ्या करत बसली. चोराच्या मनात चांदणं, सरूबाईंनी मनात म्हटलं, आणि त्यांना एक प्रकारचं समाधानही वाटलं.

प्रविणने समई लावली. पोथीला हळदकुंकू वाहिलं. मग तो खाकरला. इतकं लांब बोलताना त्याला घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"वैनी, आज आधी शेवटचं पान वाचायचं. घराच्या नोंदीत तुमचं नाव चढवतोय. ते तेव्हाच व्हायला पायजे होतं, माझ्याकडनं राहिलं. पंचायतीनं माप मागितलं, फोटो मागितले, पावती मागितली. सगळं जमवलं. तुमाला आधी सांगणार होतो, पण म्हटलं, बाबांच्या शब्दांत सांगावं. आणि ह्या सुजयला पण बघू दे आज्याचं अक्षर. इचारतो, मोठीआईचं नाव कशाला."

सरूबाईंनी पोथीकडे हात नेला. काही बोलायच्या आत प्रविणने पोथी पालथी करून उघडली होती.

शेवटचं पान नव्हतं. शिवणीलगत बोटाच्या नखाएवढी पांढरी पट्टी तेवढी होती, सरळ कापलेली.

प्रविणने पानं मागेपुढे केली, पोथी झटकली, पाटाखाली पाहिलं. मग त्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं.

"वर्षभर पोथी तुझ्याजवळ व्हती."

"मी नाय काढलं," प्रणिता म्हणाली.

"नाव चढवायचं म्हटलं तवा तूच म्हणालीस, घाई काय हाय."

"घाई काय म्हटलं. नको नाय म्हटलं." प्रणिता म्हणाली. "त्याच्यानंतर कागदावर नकाशा कोणी काढला? मीच काढला ना? ताई अचानक आल्या तवा तुमी सांगू नको म्हटलेलं म्हणून झाकून ठेवला."

"मग पान कुठं गेलं, आई?" सुजयने हळूच विचारलं. पोटच्या मुलाचा तो प्रश्न प्रणिताला जास्त लागला असावा. ती गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत बोलायला लागली.

"माझ्या हातनं एक चूक झाली, ती सांगते. दिवाळीत समई कलंडली. पोथीच्या कव्हरवर तेल सांडलं. आत नाय गेलं, नुसतं कव्हरवर. मी कव्हर काढून गरम पाण्यात धुतलं नि तारेवर वाळत टाकलं. ते लांबलं. परत चढवलं तर ढगळ बसायला लागलं. पोथी उघडली नाय, देवाशपथ. ताईंच्या हातचं काम मी खराब केलं म्हणून सांगायला भ्यायले. एवढंच. पान मी बघितलं पण नाय."

ओल्या सुताला स्वतःचं वजन सोसत नाही. सरूबाईंनी हे शंभर जणींना शिकवलं होतं. त्यांच्याकडे शिकायला येणारी दहा वर्षांची पोरगीसुद्धा ते कव्हर बघून सांगती, हे तारेवर टांगलंय म्हणून. सरूबाईंना सांगता आलं नाही. त्यांनी सुताकडे पाहिलंच नव्हतं, पाहिलं होतं ते माणसाच्या मनात, आणि तिथे त्यांचीच भीती बसलेली होती.

"तेल सांडलं नि पान पण उडून गेलं?" प्रविण म्हणाला. त्याचा विश्वास बसलेला नव्हता.

प्रणिता सरूबाईंकडे वळली. "ताई, तुमी तरी सांगा ह्यांना. पंचवीस वर्षं बघताय मला. मी असं करीन?"

गप्प राहणं सोपं होतं. प्रविण नाव चढवणारच होता, पान असो वा नसो. चार दिवसांनी पान कुठेतरी 'सापडलं' असतं. सरूबाईंच्या मनात हे येऊन गेलं, खोटं कशाला बोला. एक वडी खाऊन होईल एवढा वेळ त्या गप्प राहिल्यासुद्धा. पण प्रणिता त्यांच्याकडे बघायची थांबेना, आणि त्या बघण्यात संशयाचा लवलेश नव्हता. तेच सरूबाईंना सोसलं नाही.

त्या उठल्या. आतून नमुन्यांची वही आणली आणि पाटासमोर बसल्या.

"पान माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "मीच कापलं."

वहीच्या पाठीमागचं शेवटचं टोक त्यांनी शोधलं, गाठ सोडली आणि दोरा ओढायला सुरुवात केली. टाके एकामागून एक सुटू लागले.

"कात्री देऊ?" सुजय म्हणाला.

"नको. इणलेलं कापत नसतात." हे त्या सवयीने बोलून गेल्या, आणि मग आपण पोथी कापली आहे हे आठवून त्यांनी मान खाली घातली.

किती घट्ट विणलं होतं! ओळीमागून ओळ सुटत होती आणि संपत नव्हती. मांडीवर दोऱ्याचा गुंता वाढत गेला. कोणी जागचं उठलं नाही. प्रविण समईकडे बघत होता. प्रणिता बघत होती सरूबाईंच्या हातांकडे. शेवटी दुधाच्या पिशवीचा कोपरा दिसला. सरूबाईंनी पान बाहेर काढलं आणि प्रविणच्या पुढे ठेवलं.

त्याने ते वाचलं. 'तिला कोणी ऊठ म्हणू नये' हे त्याने सुजयकडे बघत दोनदा वाचलं. मग त्याने पान होतं त्या जागी ठेवलं, पोथी पहिल्यापासून उघडली आणि ठरल्याप्रमाणे पहिला अध्याय वाचला. आरती झाली. सगळ्यांनी एकेक वडी खाल्ली. वड्या छान झाल्यात, असं सुजयने सांगितलंही.

निघताना प्रणिता सरूबाईंच्या पाया पडली. नेहमीच पडायची. मग पदर सारखा करत ती म्हणाली, "पोथी यापुढं हितंच राहू दे, ताई. रोह्याला नको."

"अगो, पण पाळी..."

"नको. तुमच्या डोळ्यांसमोर असली म्हंजे बरी. उद्या काय कमीजास्त झालं तर मला पुन्हा सांगत बसायला नको." आवाजात राग नव्हता. "मला फोन केला असतात ना, तर मी तेलाचं सांगितलं असतं," एवढं म्हणून ती गाडीत बसली.

गणपतीच्या आधी पंचायतीचा कागद आला. घराच्या नोंदीत सरूबाईंचं नाव चढलं होतं. प्रविणने तो सुजयच्या हाती पाठवला. सुजयने ओटीवर उभ्याउभ्याच दिला, पाणी पिऊन गेला. श्रावणातली उरलेली पोथी सरूबाईंनी एकटीनेच वाचून पुरी केली होती.

वर्ष फिरलं. अक्षय्य तृतीयेला सरूबाईंनी पहाटेच पोथी पाटावर काढून ठेवली, वर फूल वाहिलं, पन्हं केलं. पन्ह्याला चार पेले काढले. दुपार टळली तशा धोंडुबाई कुंपणापाशी आल्या.

"यंदा पोथी न्यायला रोह्याचं कोण आलं नाय गो?"

"नाय," सरूबाई म्हणाल्या. "आता ती हितंच असते."

त्यांनी पोथी उचलून फळीवर ठेवली आणि सवयीने कव्हराच्या कडेला बोट घालून पाहिलं. कव्हर इतकं घट्ट बसलं होतं की नखसुद्धा आत जाईना.